आकड्याखालची ओळ

पापणी ओढून अंगात रक्त कमी आहे की नाही, हे कोणीही डॉक्टर सांगेल. दशांशासकट सांगणारा मी एकच पाहिला. अंगठ्याने खालची पापणी ओढायचा, स्वतःचा एक डोळा बारीक करायचा आणि म्हणायचा, नऊ पूर्णांक चार. समोरच्या गच्चीत कपडे वाळत घालणाऱ्या बाईचं रक्त त्याने खिडकीतून सांगितलं होतं. एकदा कोणी कोंबडी आणली, तर तिचीही पापणी ओढून हिला जंत आहेत म्हणाला. साक्ष द्यायला ती कोंबडी आज हयात नाही, हा काही माझा दोष नव्हे.

दवाखान्याच्या मागच्या खोलीत, मोरीला लागून, त्याची बायको, आम्हा सगळ्यांची वहिनी, रक्त तपासायची. काचेवर थेंब पसरायचा, जांभळा रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचं. बाई बोलायची कमी, बघायची फार. ती अहवाल बंद पाकिटात घालून आणायची. डॉक्टर आधी पापणी पाहून आकडा सांगायचा, मग ती सगळ्या बाकासमोर पाकीट फोडून आकडा वाचायची. दोन्ही जुळले की बाकावरचे आजारी लोक दुखणी विसरून वाहवा करायचे.

लग्न नवं होतं तेव्हा एकदा ती आकड्याच्या पुढे वाचत गेली. पेशी लहान, मधे फिक्या, लोह कमी, एवढ्यावर आली आणि डॉक्टरने तिला चारचौघांत थांबवलं. ‘आकडा वाच. खालचं मला पापणी सांगते.’

बाकावर त्याची थोरली बहीण बसली होती. ती पोट धरून हसली. ‘काचा पुसणारीला डॉक्टरीणबाई व्हायचंय!’

त्या दिवसापासून वहिनीने फक्त आकडा वाचला. खालची ओळ मात्र दर वेळी लिहायची, वळणदार अक्षरात, खाली रेघ ओढून. अहवाल मग पत्र्याच्या डब्यात जायचे.

डॉक्टरची ही बहीण, म्हणजे वहिनीची वन्सं, काजं करायची. गल्लीपलीकडच्या माडीवर एकटी राहायची आणि चार रस्त्यांवरचे शिंपी तिच्याकडे सदरे पाठवायचे. डोळे मिटून बोटाने कापडाचे धागे मोजायची म्हणतात. मी तर तिने डुलकी काढता काढता केलेलं काज पाहिलंय. त्यात चूक एवढीच की ते फार देखणं होतं. सुई जशी बोटात, तशी जिभेवरही. वहिनीच्या हातचा घोटभर चहासुद्धा नाव ठेवल्याशिवाय तिच्या घशाखाली उतरत नसे.

एके दिवशी ती पिवळी पडून आली. दम लागतो, बोटांना मुंग्या येतात, म्हणाली. जीभही भाजल्यासारखी झाली होती. ती नुसती बाहेर काढायला सांगितली असती तरी फरशीसारखी लाल, गुळगुळीत दिसली असती. पण त्या जिभेची डॉक्टरला लहानपणापासून धास्ती. त्याने पापणीच ओढली. सात पूर्णांक आठ.

मागच्या खोलीत वहिनीने काच पाहिली. लोह कमी असलं की तांबड्या पेशी लहान होतात. या तर फुगून मोठ्या झालेल्या. पांढऱ्या पेशींच्या पोटातल्या केंद्रकाचेही नेहमीपेक्षा जास्त तुकडे. तिने लिहिलं, बी-बारा कमी असावं, तातडीने पाहावं. पाकीट घेऊन ती बाहेर आली आणि दारात क्षणभर घुटमळली. खरंच घुटमळली.

‘वाच की,’ वन्सं म्हणाली, ‘का काच पुसायची राहिली?’

‘सात पूर्णांक आठ,’ वहिनीने वाचलं.

डॉक्टरने सगळ्यांना द्यायचा त्याच गोळ्या दिल्या, लोह आणि फॉलिक अॅसिडच्या. फॉलिक अॅसिडची मेख अशी, की बी-बारा नसलं तरी ते रक्ताचा आकडा वर चढवतं. आत मज्जातंतू मात्र कुजत राहतात. बाहेरून घराला रंग, आतून वाशांना वाळवी. नऊ झालं, साडेदहा झालं, जवळजवळ बारा झालं. बाक टाळ्या वाजवायचा. तिकडे वन्संला सुई कळेनाशी झाली. पांढऱ्या सदऱ्यावर रक्ताचे ठिपके पडून शिंप्याकडून परत आले, तेव्हा बोट टोचल्याचं तिला समजलं. चालताना गादीवर पाय पडतात म्हणाली. डॉक्टर म्हणाला, ताई, रक्त झकास आहे, बाकीचं वयाचं.

सातव्या खेपेला तिने दवाखान्यातल्या नळावर तोंड धुवायला डोळे मिटले आणि झाड तोडावं तशी आडवी झाली. डॉक्टर पापणी ओढून बसला. हे रक्ताचं नाही, म्हणाला.

‘रक्ताचंच आहे,’ वहिनी म्हणाली आणि तिने डबा आणून उपडा केला. त्यातले वन्संचे वेगळे काढले. सात अहवाल, सात रेघा.

डॉक्टरने सगळे वाचले. आयुष्यात पहिल्यांदाच. मग त्याने विचारलं, बोलली का नाहीस? ती म्हणाली, आकडा वाच म्हणाला होतात.

वन्संने जमिनीवरूनच मान वळवली. ‘तुला पहिल्या दिवशी ठाऊक होतं?’

‘पहिल्या दिवशी, वन्सं.’

मग इंजेक्शनं सुरू झाली. आठवड्याभरात जीभ बरी झाली, अगदी पहिल्यासारखी. सहा महिन्यांत पाय बरेचसे आले. बोटं आली नाहीत. एकटीने राहणं संपलं. वन्सं भावाच्या घरी आली, ती कायमची. आल्याबरोबर तिने शिंप्याला बोलावून आपल्या सगळ्या झग्यांना मानेपासून घोट्यापर्यंत बावीस बावीस बटणं लावून घेतली. बटणं मुगाएवढी, काजं घट्ट.

एकोणीस वर्षं झाली. रोज सकाळी वहिनी पुढ्यात उकिडवी बसते आणि लावते. मधलं एखादं सुटलं की वन्सं सगळी काढून पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगते.

‘झाली?’ शेवटी ती विचारते.

‘बावीस.’

‘आकडा झाला. खालचं काही राहिलं असेल तर आत्ताच वाच, बाई.’