बद्रीनाथच्या थोडं अलीकडं

बर्फ वाहतो. पाण्यासारखा नाही, लोखंडी कपाट सरकवावं तसा, खालची फरशी ओरबाडत.

मोताळ्याच्या आठवडी बाजारात गीताबाई कोथिंबिरीची जुडी देत नाही, पिशवीत फेकते.

घांघरियाला मोटार जात नाही.

शेवटच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं होतं, "मॅडम, तुमी सोता पाह्यली काय हिमनदी?" मॅडमनी फळा पुसायला घेतला.

रिकाम्या बाटलीला वास असतो. ज्या घरची बाटली, त्या घराचा.

एक जूनच्या आधी दरीचं दार उघडत नाही.

*

रिकाम्या जागा भरा

हिमनदीच्या कार्यामुळे ______ आकाराची दरी तयार होते.

‘यू’ हे उत्तर पुष्पांजली मॅडमनी नोकरीभर शिकवलं. मोताळ्याच्या शाळेत, पंखा बंद असताना, मार्चच्या उन्हात. दोन्ही तळहात उभे धरून त्या दरीच्या भिंती दाखवायच्या. हिमगव्हर, लोंबती दरी, हिमोढ, सगळं खडूनं काढायच्या, आणि चित्र चांगलं यायचं. बर्फ त्यांनी पाहिला होता तो रसवंतीतला, भुशात ठेवलेला.

लग्न केलं नव्हतं. आई होती तोवर घरात दोन माणसं होती. निवृत्तीनंतरच्या वर्षी आई गेली. भाऊ धामणगाव बढ्याला, शेतीत, सणाला जाणं-येणं. बाकी दिवस दाराची कडी वाजायची ती दूधवाल्याची आणि चारच्या चहाला येणाऱ्या धम्मशीलाची.

धम्मशीला त्याच शाळेत गणित शिकवायची. ती निवृत्त झाली तशी दोघींची चहाची वेळ तेवढी शिल्लक राहिली, शाळा गेली.

जानेवारीत एका दुपारी टेबलावर जुना नकाशा पसरलेला होता. पुष्पांजली म्हणाली, उत्तराखंडात फुलांची दरी म्हणून एक राष्ट्रीय उद्यान आहे. हिमनदीनं कोरलेली दरी. बर्फ मागं हटला, आणि त्या जागेवर ऑगस्टमध्ये फुलं येतात.

"मग जाऊन पाहू ना," धम्मशीला म्हणाली. "जिंदगीभर पोरायले सांगतलं. आता खरं हाय का खोटं, तपासून घेऊ."

"तिथं फार चालावं लागतं."

"बाजारात कोन चकरावर चकरा मारते, नुसते भाव ऐकाले? तुमी चालान. माह्यं सांगा."

"नदीचं नाव पुष्पावती आहे."

"घ्या! तुमच्यासाठी नदीबी ठेवली सरकारनं. माह्यासाठी काय?"

"हिमोढ."

"म्हंजे?"

"हिमनदीनं ओढत आणून टाकलेला दगडगोट्यांचा ढीग."

"बरं झालं," धम्मशीला म्हणाली, "कोनी तरी मले बरोबर वळखलं."

*

मलकापूरहून रेल्वे. हरिद्वारला मुक्काम. मग पहाटेची बस, जोशीमठ, गोविंदघाट. तिथून पुढं पायी, घांघरियापर्यंत. घांघरियात एकच खोली घ्यायची, दोन खाटांची. सकाळी दरीत जायचं आणि संध्याकाळच्या आत परत यायचं, कारण दरीत रात्री कोणाला राहू देत नाहीत.

दरीच्या तोंडाशी दोघी थांबतील. पुष्पांजली दोन्ही तळहात उभे धरेल. धम्मशीला म्हणेल, "हे तर व्ही दिसून राह्यलं." भांडण होईल. थोडं आत गेल्यावर दरी रुंद होईल, आणि धम्मशीला गप्प बसेल. गणितवाल्यांना चूक कबूल करायला वेळ लागतो.

हे सगळं व्हायचं होतं. ऑगस्टमध्ये.

*

बाजारात गीताबाईनं विचारलं, "मॅडम, कुठीसा जाऊन राह्यल्या म्हने?"

फुलांची दरी म्हणावं तर गीताबाईच्या पुढ्यात शेवंतीचा ढीग होता. मोताळ्यात फुलं बघायला कोणी हिमालयात जात नाही. पुष्पांजलीनं सोपं करून सांगितलं, "बद्रीनाथ आहे ना, त्याच्या थोडं अलीकडं."

"अलीकडं काऊन? देवाच्या दारापातूर जासान अन् अलीकडून वापस येसान काय?"

शेजारचा लसूणवाला हसला. पुष्पांजलीही हसली. नाही म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी कडी वाजली. गीताबाई दारात, हातात नारळ, खण आणि झाकणाची एक बाटली. "देवाले माह्या हातचं हे. अन् बाटलीत तेवढं गंगाजल."

कारण द्या: यात्रेकरूला नारळ परत करता येत नाही.

कारण नारळ त्याला दिलेला नसतोच. तो त्याच्या हातून पुढं जायचा असतो. परत केला म्हणजे दुसऱ्याच्या आणि देवाच्या मधे आडवं पडणं. मोताळ्यात कोणी तसं केल्याचं कोणाला आठवत नाही. पुष्पांजलीनं नारळ घेतला, खण घेतला, बाटली टेबलावर, नकाशाच्या कोपऱ्यावर ठेवली.

मग कडी वाजतच राहिली. शेजारच्या छायाची सासू आली. जुन्या विद्यार्थिनी आल्या, कडेवर लेकरं घेऊन. भाऊ शेषराव धामणगावहून मोटारसायकलवर आला. आई गेल्यापासून तो पहिल्यांदाच न बोलावता आला होता. प्रत्येकाच्या हातात बाटली. काही बाटल्यांना तेलाचा वास, काहींना फिनेलचा, एकीला गुलाबपाण्याचा. पुष्पांजलीनं प्रत्येकीवर नावाची चिठ्ठी चिकटवली. सोळा कप असलेला चहाचा सेट आईच्या पेटीतून बाहेर काढला. संध्याकाळी कप विसळताना ती गुणगुणत होती, हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

धम्मशीलानं बाटल्यांची रांग पाहिली. "हे काय? प्रयोगशाळा?"

"लोकांचा गैरसमज झालाय. सांगते मी एकेकाला."

"सांगा मंग."

"सांगते."

*

अर्जुनराव दरवर्षी यात्रेची गाडी काढायचे. ते आले तेव्हा दोघी चहा पीत होत्या. टेबलावर नकाशा होता, त्यावर बाटल्या.

"मॅडम, तुमच्या नावानं गाडी भरली समजा," ते खुर्चीत बसत म्हणाले. "लोकं म्हनतात, मॅडम जाऊन राह्यल्या तं आमीबी येतो. तुमाले पुढचं शीट. काही चिंता नाही. सैपाकाले महाराज संगं. सारे आपलेच लोकं हायेत, कोनी परकं नाही."

मग त्यांची नजर धम्मशीलाकडं गेली. ओळख होतीच, त्यांचा मुलगा तिच्या हातून गणितात पास झाला होता.

"मॅडम, तुमीबी... येऊन राह्यल्या काय?"

विचारणं साधं होतं. फक्त 'तुमीबी'नंतर ते थांबले होते.

धम्मशीलानं पुष्पांजलीकडं पाहिलं. खोलीत क्षणभर एवढंच चालू होतं, तिचं पाहणं. एक वाक्य पुरलं असतं. ही यात्रा नाही. किंवा: हो, आम्ही दोघी येतोय. किंवा: आम्ही दोघी वेगळ्या जातोय.

"अर्जुनराव, चहा टाकते," पुष्पांजली म्हणाली आणि आत गेली.

आत दूध उतू जायची ती वाट बघत उभी राहिली. बाहेर अर्जुनराव ऊन किती वाढलं ते सांगत होते. ती कप घेऊन आली तेव्हा एक खुर्ची रिकामी होती. धम्मशीलाचा कप अर्धा होता, आणि तिनं तो नकाशावर नव्हे, खिडकीत नेऊन ठेवला होता.

"काम होतं म्हने त्यायले," अर्जुनराव म्हणाले.

*

तारीख ठरवायला मंदिराच्या ओट्यावर बैठक झाली. पुष्पांजलीनं ऑगस्ट सुचवला.

"ऑगस्टात?" कोणी तरी म्हणालं. "सोयाबीन कोन निंदन, तुमचे फुलं?"

सगळे हसले. दसऱ्याच्या सुमाराला सोंगणी. दिवाळीला कापूस. मृग लागला की पेरणी. म्हणजे मोकळा महिना मे. मे अखेरपर्यंत गाडी मोताळ्यात परत पाहिजे.

"मेमध्ये दरी बंद असते," पुष्पांजली म्हणाली.

"पन देऊळ उघडं असते ना?" अर्जुनराव म्हणाले, आणि ते खरं होतं. त्यांनी तारीख लिहून घेतली.

पुष्पांजलीला तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं. गाडी तिच्या नावानं भरली होती. तिच्यासाठी पुढची जागा होती. गाडी गोविंदघाटवरून जाणार होती, चहाला थांबणारही होती कदाचित. आणि दरीत जाणारं त्या गाडीत कोणी नव्हतं.

चारच्या चहाला आता कोणी येत नव्हतं. बाटल्यांसाठी मात्र येत होते.

*

एप्रिलमध्ये तिनं गाडीतून नाव काढलं. मग धम्मशीलाच्या घरी गेली. इतक्या वर्षांत ती तिथं किती कमी वेळा गेली होती हे तिला गल्लीतलं वळण चुकल्यावर कळलं.

धम्मशीला ओसरीत तूरडाळ निवडत होती. "या ना. उभ्या काऊन?"

"माझं नाव कमी केलं त्या गाडीतून."

"अरे बापा! मंग येवढ्या बाटल्या कोन भरन?"

"ऑगस्टमध्ये जाऊ आपण. ठरलं होतं तसं."

धम्मशीलानं एक खडा वेचून बाजूला टाकला. "त्या दिवशी चहा चांगला झाला असन तुमचा. म्या काही पेला नाही."

"मी बोलायला पाहिजे होतं."

"हाव."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर पुष्पांजलीला कुठं धरायचं ते कळलं असतं.

"मले त्या देवाचं काही नाही," धम्मशीला म्हणाली. "ज्याचा हाय त्याचा राहो. अर्जुनरावचंबी नाही. त्यायचं तसं नेहमीच हाय. पन पुष्पाताई, विचारत ते होते, अन् म्या तं तुमच्याकडं पाहून राह्यली होती."

ताटातली डाळ एका बाजूला गेली, परत दुसऱ्या बाजूला आली.

"मग ऑगस्ट?"

"ऑगस्टात मी पोराकडं जानार हाय, नागपूरले."

"कधी ठरलं?"

"आत्ताच."

मग ती उठली, चहा केला, दोन बिस्किटं ठेवली. डाळीचा भाव, गुडघे, शाळेच्या नव्या मुख्याध्यापिका, सगळ्यावर बोलणं झालं. निघताना धम्मशीला फाटकापर्यंत आली. आजवर ती कधी फाटकापर्यंत यायची नाही. तेवढा परकेपणा दोघींत नव्हता.

*

मेमध्ये गाडी निघाली. हार, गुलाल, हलगी. अर्जुनरावांनी नारळ पुष्पांजलीच्याच हातात दिला. "सुरुवात तुमच्यापासून झाली, फोडा तुमीच." तिनं चाकापुढं फोडला. बाटल्यांचं पोतं मागच्या डिकीत चढवलं.

गीताबाई गाडीच्या खिडकीतून ओरडली, "मॅडम, तुमी काऊन नाही बसल्या? तब्येत बरी नाही काय?"

"बरी आहे."

"तुमच्या नावानं घंटी वाजवतो मंग!"

गाडी वळणावर दिसेनाशी झाली. लोक पांगले. घरी टेबल एकदम मोठं दिसायला लागलं होतं. नकाशावर बाटल्यांच्या बुडांचे गोल उठले होते, त्यातला एक बरोबर हिमालयावर. तिनं ओल्या फडक्यानं पुसायला घेतला आणि कागद भिजतोय म्हणून सोडून दिला.

गाडी महिनाअखेर परत आली. गंगाजल घरोघर गेलं. बाटल्या घ्यायला आता कोणाला तिच्याकडं यायचं कारण नव्हतं.

जूनमध्ये ती मलकापूर स्टेशनला गेली. खिडकीवरच्या माणसानं नाव वाचलं, तारीख वाचली.

"एकच?"

"हो."

"लेडीज, एकट्या. खालचा बर्थ पाहू?"

"कोणताही चालेल."

"परतीचं?"

"तेही एकच."

परत येताना बसमध्ये शेजारची जागा मोताळ्यापर्यंत रिकामी होती. तिनं पर्स त्या जागेवर ठेवली, मग उचलून मांडीवर घेतली.

संक्रांतीच्या आठवड्यातच धम्मशीलानं बुलढाण्याहून दरीतल्या पावसासाठी दोन रेनकोट विकत आणले होते, दोन्ही निळे.