रामटेकला पुढे कोण बसलं

ओहायोतल्या डब्लिनमध्ये केदार बारलिंगे राहायचा, त्या कॉम्प्लेक्सच्या पार्किंगमध्ये सगळ्या देशी इंजिनिअरांच्या गाड्या एकाच कंपनीच्या आणि एकाच बिस्किटी रंगाच्या होत्या. त्यात कोणाचा काही कट नव्हता. नवीन आलेला माणूस जुन्याला विचारायचा, "यार, तू कुठली घेतलीस?" आणि मग तीच घ्यायचा. एका सकाळी केदारची चावी गाडीला लागेना. शेवटी त्याने कुलूपवाला बोलावला. कुलूपवाल्याने गाडी उघडून दिली. केदार आत बसला, आरसा नीट केला, तर मागे बाळाची सीट. आपल्याला मूल नाही, हे आठवायला त्याला थोडा वेळ लागला.

त्या दिवशी त्याने ठरवलं की आयुष्यात एक तरी गाडी अशी हवी, जी आपलीच आहे हे आंधळ्यालाही कळेल.

तशी गाडी रस्त्यापलीकडेच होती. शाळेची बस चालवून रिटायर झालेला हॅरल्ड नावाचा म्हातारा तिथे एकटा राहायचा. त्याच्याकडे बत्तीस सालची फोर्ड होती, लालभडक. अशा गाडीला हॉट रॉड म्हणतात. कृती सोपी आहे. म्हातारी गाडी घ्यायची, तिचं बॉनेट काढून टाकायचं आणि तिच्यात मावणार नाही एवढं मोठं इंजिन बसवायचं. हॅरल्डच्या गाडीला छप्पर नव्हतं, काचा नव्हत्या. पुढे दोघांची सीट आणि मागे डिकीचं झाकण उलटं उघडलं की त्यात आणखी दोघांची. दर रविवारी तो ती सुरू करायचा, तेव्हा केदारची बायको राधिका गॅस बंद करून टाकायची. त्या आवाजात कुकरच्या शिट्ट्या मोजणं शक्य नसायचं.

सप्टेंबरात हॅरल्डने गाडीवर पाटी लावली. गाडी विकणे आहे, पण अशा गाडीतून फिरल्याच्या गोड आठवणी ज्या कुटुंबाकडे असतील, त्यांनाच. किंमत तो रास्त सांगत होता, अट मात्र सोडत नव्हता. आठवण सगळ्या घरादाराने समोर बसून सांगायची. एकट्याने सांगितली तर ती आठवण नाही, नुसता दावा, असं त्याचं म्हणणं. क्लीव्हलंडहून आलेला एक डेंटिस्ट छान रडला होता, पण बायकोला न घेता आला होता, म्हणून परत गेला.

बारलिंग्यांच्या घराण्यात गाडी अशी नव्हतीच. केदारच्या आजोबांनी हयातभर एकच वाहन बाळगलं, सायकल; आणि टायर झिजतील म्हणून तीही हातात धरून चालवत नेली. पण केदारचे आईवडील सहा महिन्यांच्या व्हिसावर नागपूरहून नुकतेच आले होते, आणि वडिलांनी, मोरेश्वररावांनी, हे प्रकरण ऐकताच बाह्या सरसावल्या. मोरेश्वरराव वीज बोर्डातून निवृत्त झालेले. मुंबईच्या कॉन्सुलेटमध्ये व्हिसाच्या इंटरव्ह्यूत ते पहिल्या फटक्यात पास झाले होते, आणि तेव्हापासून धरमपेठेत कोणाचाही मुलगा अमेरिकेत असला की त्याचे आईबाप तयारीसाठी यांच्याकडे यायचे. त्यांचे नियम ठरलेले. विचारलं तेवढंच बोलायचं. सगळ्यांची उत्तरं जुळली पाहिजेत. आणि सोबत फाइल, त्यात ओरिजिनल आणि झेरॉक्स.

"हा पण इंटरव्ह्यूच आहे," ते म्हणाले. "फक्त खिडकीपलीकडे गोरा आहे त्याऐवजी गॅरेजमध्ये गोरा आहे."

केदारने आठवण रचून दिली. आजोबांनी सत्तेचाळीस साली देश सोडून चाललेल्या एका इंग्रज साहेबाकडून फोर्ड घेतली, तिच्यात ट्रकचं इंजिन बसवलं, आणि सगळं घर त्या गाडीतून रामटेकला जायचं. रोज संध्याकाळी राधिका बेसबॉलची टोपी घालून हॅरल्ड व्हायची आणि सासऱ्यांना उलटसुलट प्रश्न विचारायची. मोरेश्वररावांनी दोन दिवसांत सगळं पाठ केलं. पुढच्या आठवड्यात ते त्यात भर घालू लागले. रामटेकच्या वाटेवर मनसरजवळ इंजिन तापलं, तेव्हा रेडिएटरमध्ये ताक ओतलं होतं, म्हणाले. आणि एका संध्याकाळी चहा घेताना त्यांचा आवाज एकदम भरून आला. "विकायला नको होती आपण ती."

केदारने हळूच आठवण करून दिली की गाडी नव्हती.

"तुझा जन्म व्हायचा होता तेव्हा," मोरेश्वरराव म्हणाले. "तुला काय माहीत?"

केदारची आई, सुवर्णाताई, या तालमींत भाग घेत नव्हत्या. त्या बाजूला बसून मेथी निवडायच्या. एकदा त्यांनी मान वर न करता विचारलं, "त्या गाडीत मी कुठे बसले होते जी?"

"मागे. डिकीतल्या सीटवर," मोरेश्वरराव क्षणाचाही विचार न करता म्हणाले.

"आणि तुमच्या शेजारी, पुढे?"

"पुढे नीला."

मेथी निवडणारा हात थांबला. नीला म्हणजे केदारची आत्या, मोरेश्वररावांची धाकटी बहीण, सध्या मुक्काम अमरावती. त्या क्षणापासून सुवर्णाताई नवऱ्याशी राधिकामार्फत बोलू लागल्या. "यांना विचार, भात वाढू का," असं, समोरासमोर बसून. केदारने तोडगा काढला. आईला पुढे बसवू, नीलाआत्याला मागे. गाडी मुळात नसल्यामुळे त्यात खर्च काहीच नव्हता. पण मोरेश्वरराव ऐकेनात. पाठ केलेलं निवेदन आता बदललं तर इंटरव्ह्यूत गडबड होणार, ते म्हणाले. शिवाय नीलाला मागे बसलं की गाडी लागायची, हेही खरं होतं.

"एस.टी.तही लागायचीच," सुवर्णाताई भिंतीला म्हणाल्या.

हॅरल्डने रविवारची वेळ दिली. त्या दिवशी नेमका दसरा होता. मोरेश्वरराव कोट घालून निघाले. आई ऐन वेळी काय बोलेल याचा भरवसा नव्हता, आणि रस्ता ओलांडताना मागे वळून पाहिलं, तर पार्किंगमधल्या त्या बिस्किटी रांगेत आपली गाडी कुठली, ते त्याला तेव्हाही ओळखता येईना.

गॅरेजमध्ये हॅरल्डने घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या. लाल गाडी मधोमध उभी होती, नवरीसारखी. मोरेश्वररावांनी आधी फाइल उघडून समोर ठेवली. त्यात त्यांची पेन्शनची ऑर्डर होती आणि केदारची दहावीची मार्कशीट. हॅरल्डने मार्कशीट शांतपणे वाचली आणि गणित चांगलं आहे म्हणाला. मग त्याने डोळे मिटले. मोरेश्वरराव उभे राहिले आणि 'उपरोक्त विषयास अनुसरून सविनय कळवण्यात येते की' अशा वळणाच्या इंग्रजीत त्यांनी सगळी आठवण सांगितली. इंग्रज साहेब, ट्रकचं इंजिन, मनसर, ताक. एकही शब्द चुकला नाही. हॅरल्डच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही.

मग डोळे न उघडताच त्याने विचारलं, "आणि मॅडमना काय आठवतं?"

सुवर्णाताईंनी पदर सावरला. त्या मराठीत बोलायला लागल्या आणि राधिका इंग्रजीत सांगत गेली. राधिका प्रामाणिक मुलगी. गाळून सांगणं तिला सुचलं नाही.

"एकाहत्तर साली लग्न झालं," सुवर्णाताई म्हणाल्या. "तिसऱ्या दिवशी रामटेकला निघालो देवदर्शनाला. अंगावर नवी साडी होती, मोरपंखी. यांनी नीलाला जवळ बसवलं, खिडकीशी. मला मागे, एका म्हाताऱ्याच्या आणि त्याच्या कोंबडीच्या शेजारी. रामटेक येईपर्यंत यांनी एकदा वळून नाही पाहिलं न. उतरल्यावर म्हणतात, काय छान वारा होता."

राधिकाने सगळं सांगितलं, कोंबडीसकट. केदारने डोळे मिटून घेतले. एवढ्या छोट्या गाडीत म्हातारा आणि कोंबडी कुठून आले, हे आता कोणी विचारलं तर फाइलमध्ये उत्तर नव्हतं.

हॅरल्डने डोळे उघडले. गाडीकडे पाहिलं. "या गाडीला खिडकी नसते," तो म्हणाला.

राधिकाने भाषांतर केलं.

"नसेल," सुवर्णाताई म्हणाल्या. "जी काय होती तिच्याशी नीला बसली होती."

मग मोरेश्वररावांकडे वळून हॅरल्डने विचारलं, बाई म्हणतात ते खरं आहे का. मोरेश्वररावांनी आधी फाइलकडे पाहिलं, मग कोटाच्या बटणाकडे.

"खरं आहे," ते मराठीत म्हणाले. राधिकाला भाषांतर करावं लागलं नाही.

"महिनाभर लोक येऊन मला गोड आठवणी सांगतायत," हॅरल्ड म्हणाला. "सगळे हसत होते, सगळ्यांना वारा लागत होता. चाळीस वर्षं बस चालवली मी. गाडीत एक तरी माणूस चुकीच्या सीटवर बसलेला असतोच. तो ज्या आठवणीत नाही, ती आठवण खोटी."

आणि तो उठला, चावी घेतली आणि सुवर्णाताईंच्या हातात दिली. केदारचा पुढे आलेला हात तसाच हवेत राहिला. त्याने तो मग केसांवरून फिरवला. गाडी विकतो, पण कागद यांच्या नावावर करणार, हॅरल्ड म्हणाला. सुवर्णाताईंना गाडी चालवता येत नाही, त्या फेब्रुवारीत परत जाणार आहेत, हे केदारने सांगून पाहिलं. चालवणं वेगळं आणि पुढे बसणं वेगळं, हॅरल्ड म्हणाला.

गाडी आपली झाल्यावर सुवर्णाताईंनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे पूजा. दसऱ्याला वाहनाची पूजा केल्याशिवाय ते हलवायचं नसतं, त्यातून नवं. हॅरल्डच्या दिवंगत बायकोने टोमॅटोच्या वाफ्याभोवती झेंडू लावलेले होते. ते किडीसाठी आहेत, असं हॅरल्ड इतकी वर्षं समजत होता. तासाभरात त्यांचा हार झाला. हळदकुंकू लागलं. हार घालायला मूर्तीचं तोंड हवं, म्हणून सुवर्णाताईंनी गाडीला एक चक्कर मारली. बॉनेट नसलेल्या इंजिनावर हवा आत घेणारे तीन चकचकीत कर्णे शेजारी शेजारी उभे होते. त्या जराशा थबकल्या.

"तीन मुखं आहेत," त्या म्हणाल्या. "दत्तगुरू आहेत हे." आणि हार तिथे घातला.

मग सगळे बसले. हॅरल्ड स्टिअरिंगवर. त्याच्या शेजारी, पुढे, सुवर्णाताई. मागे डिकीत मोरेश्वरराव आणि राधिका. ही सगळी खटपट ज्याने केली, त्या केदारला जागा उरली नाही. तो आपली बिस्किटी गाडी घेऊन मागून निघाला, म्हणजे आधी एका चुकीच्या गाडीला चावी लावून पाहिली, मग आपली घेतली.

गावाबाहेर मक्याच्या शेतांमधून सरळ रस्ता जातो. तिथे हॅरल्डने पाय दाबला आणि दत्तगुरूंनी एक दीर्घ श्वास घेतला. हार आत गेला. केदारला मागून एवढंच दिसलं की गाडीच्या नळकांड्यांतून आधी काळा धूर आला, मग बंदुकीसारखा बार झाला, आणि वर इंजिनातून झेंडूच्या पाकळ्यांचं कारंजं उडून त्याच्या काचेवर येऊन पडलं. त्याने वायपर लावले. ओहायोच्या त्या रस्त्यावर, वायपरच्या दोन फेऱ्यांमध्ये, त्याला आईची पाठ दिसली. ती ताठ बसली होती. पदर वाऱ्यावर मागे उडत होता आणि मोरेश्वररावांच्या तोंडावर आपटत होता. ते तो बाजूला करत नव्हते.

पुढच्या वळणावर गाडी बंद पडली. सुवर्णाताई सोडून सगळे उतरले आणि ढकलायला लागले. मोरेश्वरराव कोटासकट, राधिका, केदार आणि रिटायर झालेला हॅरल्ड. स्टिअरिंगवर कोणीतरी हवं म्हणून सुवर्णाताईंना धरायला सांगितलं. बाकीचे ढकलत असताना खाली उतरावं असं त्यांना वाटलं का, असं राधिकाने नंतर विचारलं, तर त्या नाही म्हणाल्या.

ढकलता ढकलता मोरेश्वरराव धापा टाकत मागूनच म्हणाले, "सुवर्णा, वारा कसा आहे?"

सुवर्णाताईंनी मागे वळून पाहिलं नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, "छान आहे." हे राधिकामार्फत नव्हतं.

हॅरल्डने नंतर लांब चिमट्याने एकेक पाकळी काढली आणि इंजिन पुन्हा सुरू करून दिलं. फेब्रुवारीत आईवडील नागपूरला गेले. गाडी केदारच्या दारात उभी असते आणि सगळ्या कॉम्प्लेक्समध्ये ती कोणाची आहे हे आंधळ्यालाही कळतं: केदारच्या आईची. ती बाहेर काढायची तर दर रविवारी आधी कॉलिंग कार्डवरून नागपूरला फोन करून परवानगी घ्यावी लागते.

"पुढे कोण बसणार?" आई विचारते.

"राधिका."

"मग ने."

आणि मागून वडिलांचा आवाज येतो. "त्याला सांग, मनसरजवळ तापते. ताक ठेव म्हणावं सोबत."

उन्हाळ्यातल्या पहिल्या रविवारी केदारने फोन ठेवला. मग फ्रिजमधून ताकाची बाटली काढून डिकीत ठेवली. रस्त्यापलीकडे आपल्या अंगणात टोमॅटोची रोपं बांधत असलेल्या हॅरल्डने ते पाहिलं आणि मान डोलावली.

"एक पुरणार नाही," तो म्हणाला. "मनसर लांब आहे."