वर वळवलेला सायलेन्सर

जोयड्यात भिकाजीला ओळखत नाही असा जीपवाला सापडायचा नाही. कुठलीही जीप आणा, तिच्या पोटाखाली पाच मिनिटं सरकला की ती कुठल्या ओढ्यातून आली आणि कुठल्या धोंड्यावर बसली, ते भिकाजी सांगायचा. पण सांगायचा तेही जीपलाच. माणसांशी बोलणं कमी कमी होत गेलं होतं. बायको शांता जाऊन तीन वर्षं झाली. लेक पल्लवी बेळगावात नांदते. तिचा रविवारी फोन यायचा. "आप्पा, जेवलात?" "जेवलो." "गोळ्या घेतल्या?" "व्हय." झालं, मग पुढच्या रविवारपर्यंत घरात आवाज फक्त पालीचा.

त्याच्या गॅरेजच्या शेडमागं ताडपत्रीखाली त्याची एक विलायती गाडी होती. लाल, बुटकी, वर छत नसलेली, दोनच माणसांची. रानात मँगनीजच्या खाणी चालत होत्या तेव्हा ती खाणीच्या मालकाची, आणि पंचविशीतला भिकाजी त्यांचा ड्रायव्हर. खाण बंद झाली तेव्हा मालक किल्ली हातात देऊन म्हणाले, "तूच सांभाळ. दुसऱ्याच्या हाताला ही ऐकायची नाही." शांता तीत एकदाच बसली होती. उतरली ती पदर तोंडाला लावून. "रस्त्यावर फतकल घालून बसल्यागत वाटतंय. लोक हसत्यात." तेव्हापासून शेजारची जागा मोकळीच.

आता कार्तिकात अणशीच्या देवळात कीर्तन असतं. रानातून अंधारात चालत जाणं नको म्हणून ते दुपारी तीनला उभं राहतं आणि दिवस मावळायच्या आत आरती होते. कीर्तनाला खानापूरकडचे महाबळेश्वरबुवा. वीस वर्षं बुवा आदल्या दिवशी एसटीनं जोयड्याला उतरायचे ते सरळ भिकाजीच्या घरी. शांता नाचणीची भाकरी टाकायची, बुवा चुलीपुढं बसून दुसऱ्या दिवशीचं आख्यान घोळवायचे, आणि भिकाजीला काय आनंद! देवच घरी उतरल्यासारखा तो नुसता बघत राहायचा. शांता गेली आणि ते थांबलं. आता बुवा त्याच दिवशी येत, स्टँडवर उतरत आणि पेटीवाल्या-मृदंगवाल्यांबरोबर अणशीच्या जीपमध्ये चढत. शेडसमोरून जीप जाताना हात तेवढा वर करत. भिकाजीही वेल्डिंगचा होल्डर धरलेला हात वर करी. तीन कार्तिक असे गेले. कीर्तनालाही तो गेला नव्हता.

का येत नाहीत बुवा? माझं काय चुकलं? रात्रंदिवस मनात हेच. जीपमध्ये दहा जणांत हे विचारायचं कसं, आणि फोनवर तर जीभच वळायची नाही. यंदा त्यानं ठरवलं, बुवांना लाल गाडीतून न्यायचं. दोघांचीच गाडी, तासाभराचा रस्ता. मध्ये बोलायला तिसरा कोणी नाही. तेवढ्या एका तासासाठी त्यानं ताडपत्री काढली.

इंजिन बरं होतं. दर अमावास्येला तो ते चालू करून बघायचा. सायलेन्सर मात्र गंजून चाळण झालेला. इंजिनाकडच्या फाट्यापासून मागच्या टोकापर्यंत सगळंच बदलायला हवं होतं. बोल्ट हलेनात. दोन दिवस डिझेलमध्ये भिजवले, तापवले, तरी दोन तुटलेच. नवे सुटे भाग मिळायचा प्रश्नच नव्हता. बेळगावच्या भंगारबाजारातून पाईप आणला, एका जीपचा डबा कापून लहान केला, फाट्याला नवं गॅस्केट कापून बसवलं. पाईप वळवताना चपटू नये म्हणून त्यात कोरडी वाळू ठासून भरली, दोन्ही तोंडं लाकडी खुंट्यांनी बंद केली आणि भट्टीत लाल करून एकेक वळण दिलं. भट्टीच्या उजेडात तो बुवांशी बोलायचं मनातल्या मनात घोळवत होता. "बुवा, एक विचारू?" न्हाई, आधी पेटीवाल्यांची चौकशी करावी. मग विचारावं.

मन बुवांपाशी आणि हात सवयीवर. शेवटचं वळण दिलं आणि पाईपाचं टोक डौलात वर उचललं गेलं. दिग्गीकडच्या जीपांना तो तीस वर्षं असंच करून देत आला होता, ओढ्यात पाणी शिरू नये म्हणून. लाल गाडीला कुठला ओढा ओलांडायचाय, हे विचारायला शेजारी कोणी नव्हतं. शांता असती तर म्हणाली असती, हे काय शेपूट वर केलंय?

"बुवा, उद्या जीपमध्ये बसू नका. म्या गाडी काढलीया," त्यानं फोन केला.

"कुठली रे?"

"लाल."

"अरे देवा! ती अजून हाय?" बुवा हसले. "बरं, ये. आणि हळू चालव. माझ्याहून म्हातारी असंल ती."

दुसऱ्या दिवशी बुवा स्टँडवर उतरले, गुडघा धरून हाऽऽ करत गाडीत बसले, फेटा मांडीवर घेतला. जीपमधले साथीदार ओरडले, "बुवा, खाली वाकून बघा, बूड घासतंय काय!" सगळा स्टँड हसला आणि गाडी निघाली.

पहिले दहा मैल सुखाचे. गाडी अशी गोड गुरगुरत होती! बुवा खुशीत होते. "भिकाजी, वारं काय लागतंय रे! तुझी तब्येत काय म्हणती?" "बरी हाय. पेटीवाले विनोदराव बरे न्हवं?" "त्याला काय धाड भरलीया." आता विचारावं, असं भिकाजीनं मनाशी म्हटलं, तेवढ्यात चढ लागला. गाडीचा वेग उतरला. वर वळलेल्या तोंडातून निघालेला धूर मागं जायचा तो सीटमागच्या पोकळीत फिरून पुढं यायला लागला. उघडी गाडी, पण दोघं धुरात.

"बुवा, एक विचारायचं होतं..."

बुवा खोकले. मग परत खोकले. भिकाजीनं जोर दिला तर आणखी धूर. थांबला तर कीर्तनाची तीनची वेळ चुकणार. मागं जीपही नव्हती, ती केव्हाच पुढं गेली होती. बुवांनी उपरणं तोंडावर धरलं आणि उरलेली वाट सरली ती खोकण्यात. मनातलं एक अक्षरही बोलून झालं नाही.

देवळापुढं गाडी थांबली. बुवांनी तोंड उघडलं तर घशातून नुसता वारा. आलं-गूळ झालं, मधाचं बोट झालं, गरम पाण्याच्या गुळण्या झाल्या. आवाज काही फुटेना. मंडपात माणसं भरलेली. कृष्णा पुजारी भिकाजीकडं असं बघत होते की त्याला वाटलं, त्या पाईपात वाळू भरली तशी आपल्याच तोंडात कोणी ठासावी.

बुवांनी त्याला खुणेनं जवळ बोलावलं. घोगरं कुजबुजले, "देवाला धूप दाखवत्यात, भिकाजी. कीर्तनकाराला न्हाई."

"बुवा, चुकलं माझं."

"ऱ्हाऊ दे. माझ्या शेजारी उभा ऱ्हा. मी सांगतो ते मोठ्यानं बोल."

"म्या? मला काय येतंय?"

"वीस वरसं माझी आख्यानं चुलीपुढं ऐकलीस की."

आणि मग श्रोतेहो, अणशीच्या देवळानं कधी न बघितलेलं कीर्तन झालं. बुवा नारदाच्या गादीवर झांज धरून उभे. एक वाक्य भिकाजीच्या कानात, आणि भिकाजीच्या तोंडून ते मंडपात. आधी त्याचं ततपप झालं. "भगवंत म्हणाले..." म्हणून गप्पच. मागून कोणीतरी म्हणालं, "नेटवर्क न्हाई वाटतं." हशा पिकला आणि त्या हशातच त्याचा आवाज सुटला. पुढंपुढं तर बुवा अर्धंच सांगत आणि उरलेलं त्याला आपोआप आठवे. कुठं थांबायचं, कुठं मृदंगाला जागा द्यायची, सगळं. तीन वर्षांत त्याच्या तोंडून एवढे शब्द कोणी ऐकले नव्हते. त्यानंही नाही. आरतीला बुवांनी आपल्या गळ्यातला हार त्याच्या गळ्यात घातला, आणि भिकाजी देवाकडं न बघता खांबाआड तोंड फिरवून उभा राहिला.

ऊन तिरपं झालं. बुवांना घेऊन जीप रामनगरला निघायची होती, उद्या तिथं कीर्तन. माणसं प्रसादाला बसली तोवर भिकाजीनं हत्यारांची पिशवी काढली, गाडीमागं आडवा झाला आणि करवतीनं पाईपाचं वळलेलं टोक कापून काढलं. गाडी चालू करून बघितली. धूर सरळ मागं गेला, रस्त्याच्या कडेच्या गवतावर. धावतच बुवांकडं आला.

"बुवा, आता धूर न्हाई. रामनगरपतुर म्या सोडतो."

बुवांनी मान हलवली. घसा दाखवला. भिकाजीला कळलं. उद्या हा गळा लागणार होता, त्यावर आणखी वारं नको. तो मागं सरला, पण मग म्हणाला. आता राहिलं तरी काय होतं?

"बुवा, तुम्ही घरी का येत न्हाई? काय चुकलं माझं?"

बुवा त्याच्याकडं बघतच राहिले. मग त्याचा दंड धरून कानाशी आले.

"तू बोलावलंस कधी?"

"तुम्हाला काय बोलवायचं, बुवा? वीस वरसं आपसूक येत हुता."

"बाई गेलेल्या घरी आपसूक जायचं नसतंय. वर्ष झालं की घरधन्यानं सांगावा धाडायचा. आम्ही वाट बघत हुतो, बाबा. मीच न्हवं, सगळीच."

भिकाजीला हे माहीत नव्हतं. घरचे सांगावे, बोलावणी, कोणाला कधी काय, ते सगळं शांताच्या हातात होतं. तो दार उघडं टाकून बसला होता आणि लोक त्याच्या शब्दाची वाट बघत बाहेरून जात होते.

"मग या की," तो म्हणाला. "पुढच्या कार्तिकात. आधीबी या."

बुवांनी हात जोडले, हो म्हटल्यासारखे. जीप निघाली. साथीदारांनी हात केला. देवळापुढचं पटांगण रिकामं झालं.

लाल गाडी परतीच्या वाटेला लागली. पाईप उत्तम झाला होता. धूर नाही, खडखड नाही, वळणावळणाला आवाज कसा गोल आणि भरलेला. शेजारच्या सीटवर झेंडूचा हार होता, तो वाऱ्यानं सुटून पाकळी पाकळी मागं उडत होता. बुवा बसले असते तर म्हणाले असते, काय गुरगुरतीया रे. कोणी म्हणालं नाही.

जंगलखात्याच्या गेटवर गणपती नावाचा गार्ड एकटाच बसला होता. त्यानं नंबर वहीत लिहिला आणि गाडीकडं वाकून बघितलं. "एकटंच?"

"व्हय." भिकाजीनं इंजिन बंद केलं. गियरवरचा हात काढून मांडीवर ठेवला. कसं म्हणतात ते त्याला आठवेना. शांता कसं म्हणायची? "उद्या माझ्याकडं जेवायला ये."

गार्डनं त्याच्याकडं संशयानं बघितलं. "कशाला? काय कार्य हाय?"

"काय न्हाई. जेवायला."

"उद्या ड्यूटी हाय."

"मग परवा."

"परवा बघू की," गणपती म्हणाला आणि गेट वर केलं.

"बघू नको. ये," भिकाजी म्हणाला, आणि किल्ली फिरवली.