पाठीने गोल मारणारी गाडी

मित्रांनो, गाडी म्हटली की तिला पुढे जायचे चार गिअर असतात आणि मागे जायचा एक. माझं बरोबर उलटं आहे. मला मागे जायचे चार आणि पुढे जायचा एकच. हसून घ्या. मला हसलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांतल्या कित्येकांच्या गाड्या मी नंतर गोलात ढकलल्या.

जन्मले तेव्हा मी अशी नव्हते. कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा चारचौघींसारखीच होते. समोरून उतरतं नाक, गोल दिवे आणि मागून मात्र कपाटासारखी सरळ, चौकोनी. बेकरीवाल्याने मला त्या चौकोनी पाठीसाठीच घेतलं. पहाटे गरम पावाचे ट्रे माझ्या पोटात भरायचे आणि मी दारोदार फिरायचे. माझ्या आत पावाचा वास इतका मुरला होता की सिग्नलला उभी राहिले तरी शेजारच्या स्कूटरवाल्याला भूक लागायची. बेकरीवाला येताजाता मला थोपटून म्हणायचा, "ही आहे म्हणून माझा धंदा आहे."

मग त्याने नवी व्हॅन घेतली. माझा मागचा ॲक्सल, म्हणजे मागच्या दोन चाकांना जोडणारा आणि फिरवणारा तो जाड दांडा, झिजून गेला होता. दुरुस्त करायच्या ऐवजी त्याने मला एका गॅरेजच्या मागे लोटून दिलं आणि जाताना वळूनही पाहिलं नाही. थोपटणाऱ्या हातांचा भरवसा धरू नये, हे मी तिथे शिकले.

ते गॅरेज काकांचं. सगळे त्यांना काकाच म्हणत, पण सख्खे काका ते एकीचेच होते. ती त्यांची पुतणी, आणि तिला सगळं गॅरेज ताई म्हणायचं. लहानपणापासून काकांच्याच घरी वाढलेली. इंजिन उघडण्यापासून बांधण्यापर्यंत सगळी कामं करणारी.

त्या गावात एक खेळ होता, मोटारफुटबॉल. मोठं मैदान, दोन टोकांना लोखंडी पाइपांचे गोल, दोन्हीकडे चार-चार जुन्या गाड्या आणि मध्ये छातीइतका उंच, कातडी आणि ताडपत्री शिवून केलेला चेंडू. गाडीने चेंडू ढकलायचा आणि गोलात घालायचा. गॅरेजचा संघ एकीकडे, शोरूमवाल्यांचा दुसरीकडे. शोरूमवाले टाय लावून खेळायला यायचे. त्यांच्या जुन्या गाड्यांनाही नवा रंग असायचा.

गॅरेजच्या संघाच्या सगळ्या गाड्या ताई दुरुस्त करायची. सामना संपला की फुटलेले रेडिएटर, वाकलेले बंपर तिच्या पुढ्यात यायचे. पण स्टिअरिंग? ते पुरुषांचं! कुणी ठरवलं होतं? कुणीच नाही. म्हणूनच तो नियम मोडायला कुणी तयार नव्हतं.

एकदा संघाची चौथी गाडी मोडीत गेली. ताई हात पुसत काकांसमोर उभी राहिली.

"काका, रविवारच्या सामन्यात मी खेळणार."

"तू? तू नट आवळ गं पोरी. गाडी चालवणं वेगळं आणि खेळणं वेगळं."

"तुम्ही फोडून आणता ते मी जोडते. फोडायचं कसं, तेही मला कळतं."

सगळे हसले. काकांनाही हसू आलं, पण आपल्याच गॅरेजमध्ये आपल्यावर हसलेलं त्यांना खपलं नाही. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"ती पाववाली पडलीय बघ. रविवारपर्यंत चालली तर खेळ. नाही चालली, तर स्टिअरिंगचं नाव पुन्हा या घरात काढायचं नाही. कबूल?"

"कबूल."

मित्रांनो, एका माणसाचं आयुष्यभराचं मागणं माझ्या मोडक्या ॲक्सलवर येऊन टेकलं. मला गंज चढला होता, पण लाज वाटायला गंज आड येत नाही.

आता या गॅरेजची एक रीत सांगते. गाडीच्या पोटाखाली काम करायला इतर गॅरेजांत खड्डा असतो. इथल्या खड्ड्यात जमिनीतून पाणी झिरपायचं, त्यात बेडूक सुखाने नांदत होते. लिफ्ट घेण्याइतकी ऐपत नव्हती. म्हणून ही माणसं गाडीतलं पेट्रोल, तेल, बॅटरी काढून घ्यायची आणि चौघं मिळून गाडी सरळ पालथी घालायची, चुलीवरून उतरवलेल्या पातेल्यासारखी. खाली जुने टायर, त्यावर गाडीचं छप्पर, आणि चारही चाकं आभाळाकडे.

मलाही तसंच पालथं घातलं. ताईने माझा झिजलेला ॲक्सल काढला आणि दुसऱ्या एका मोडीतल्या गाडीचा ॲक्सल साफ करून माझ्या पाठीवर, म्हणजे खरं तर पोटावर, बसवला. घाई होती. नीट आवळला, ब्रेकच्या नळ्या वाकवून जोडल्या, स्वतःवर खूश होऊन शीळ घातली. फक्त एक विसरली. गाडी पालथी असताना जे वर दिसतं, ते गाडी सुलटी झाल्यावर खाली जातं. ॲक्सल उलटा बसला होता.

रविवारी सकाळी मला सुलटं केलं. सगळे बघायला जमले. ताईने किल्ली फिरवली, इंजिन एका दमात सुरू झालं. तिने पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि मी धाडकन मागे जाऊन जुन्या सायलेन्सरच्या ढिगात घुसले.

"ताई, पुढे! पुढे!" पंक्चरवाला ओरडला.

तिने दुसरा टाकला. मी आणखी जोरात मागे. पंक्चरवाला हसून हसून जमिनीवर बसला. चेंडूत हवा भरायचं कामही त्याचंच, आणि जीभही तशीच फुगलेली. "पावाचं दुकान मागे राहिलंय वाटतं. विसरलेला ट्रे आणायला निघालीय!"

काका म्हणाले, "पुढे जा म्हटलं की मागे जाते. थेट तुझ्यावर गेलीय."

ताईच्या लक्षात आलं काय झालंय ते: ॲक्सल उलटा, म्हणून चाकंही उलटी फिरतायत. कानापर्यंत लाल झाली. ॲक्सल पुन्हा काढून बसवायला दिवस पाहिजे होता आणि सामना दुपारी होता. तिने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. तिचा घाम माझ्या हॉर्नवर टपकला. मला वाटलं, संपलं.

मग तिने डोकं वर केलं, मान वळवून मागच्या काचेतून पाहिलं आणि तिसरा गिअर टाकला. अंगणभर मला मागच्या मागे पळवलं. टायरच्या ढिगाला वळसा घातला, पाण्याच्या टाकीपाशी ब्रेक मारला आणि खिडकीतून डोकं काढलं.

"काका, चालली तर खेळ, असं म्हणालात ना? ही चालतेय. कुठल्या दिशेला चालली पाहिजे, ते तुम्ही बोलला नव्हता."

काकांनी डोकं खाजवलं. शब्दाचे पक्के होते, एवढं त्यांचं मान्य केलं पाहिजे. "ये," ते म्हणाले, "पण गोलासमोर आडवं उभं राहायचं आणि जागचं हलायचं नाही."

आधी ताईने उलट्या ॲक्सलच्या एका भोकातून गळणारं तेल बूच मारून थांबवलं, वरून ताजं तेल भरलं, मगच निघाली. हे लक्षात ठेवा.

मैदानावर मला पाहून शोरूमचा कप्तान म्हणाला, "काय हो काका, खेळाडू संपले म्हणून भंगार आणलंत?" टाय सारखा करत तो हसला. काका मान खाली घालून आपल्या गाडीकडे वळले. ते ताईला जास्त लागलं.

खेळ सुरू झाला. गोलासमोर आडवी उभी राहून मी एक गोष्ट पाहिली, आणि ताईनेही पाहिली. प्रत्येक गाडी चेंडूकडे जोरात यायची आणि ऐन वेळी ब्रेक मारायची. कारण काय? नाकाशी रेडिएटर. जोरात आपटलं की तो फुटणार, पाणी उडणार, गाडी बंद. शिवाय उतरत्या नाकावरून चेंडू वर चढतो आणि काचेवर येऊन बसतो, मग पुढचं काही दिसत नाही. सगळे बिचारे नाक सांभाळत खेळत होते. मला नाक सांभाळायचं कारणच नव्हतं. माझी पाठ सरळ होती आणि तिच्यात फुटण्यासारखं काहीही नव्हतं, होता तो फक्त पावाचा वास.

शोरूमवाल्यांनी एक गोल मारला. तेवढ्यात काकांची गाडी चेंडूवर चुकून जोरात आपटली आणि रेडिएटर फुटला. पांढरी वाफ उडाली. काका खाली उतरून बॉनेटला लाथ मारत होते आणि प्रेक्षक टाळ्या पिटत होते. संघात आता तीनच गाड्या.

ताईने आडवी उभी राहायची आज्ञा तिथेच झुगारली. मला वळवलं, पाठ चेंडूकडे केली आणि सुटली. पहिल्या खेपेला फजिती झाली. मागे पळताना स्टिअरिंग जरा जास्त फिरवलं की नाक गर्रकन फिरतं. मी भोवऱ्यासारखी फिरले आणि चेंडू तसाच राहिला. लोकांनी शिट्ट्या मारल्या.

"घरी जा, पाव वाटा!" कुणीतरी ओरडलं.

ताईने दात खाल्ले. दुसऱ्या खेपेला स्टिअरिंग बोटभरच फिरवलं, पण लवकर फिरवलं. तिसरा गिअर, ब्रेक नाही. धप्प! असा आवाज त्या मैदानाने कधी ऐकला नव्हता. चेंडू उडाला, दोन गाड्यांच्या डोक्यावरून गेला आणि गोलाच्या आत जाऊन आपटला.

शिट्ट्या मारणारी तोंडं तशीच उघडी राहिली.

"ती उलटी खेळतेय!" शोरूमचा कप्तान पंचांकडे धावला. "हे नियमात बसतं का?"

पंच म्हणजे एक निवृत्त ड्रायव्हर होते. ते म्हणाले, "गोल झालाय. जागेवर जा."

बरोबरी झाली होती आणि वेळ संपत आली होती. कप्तानाने ठरवलं, भंगाराला रोखायचं. चेंडू मध्ये होता. एका बाजूने तो नाकाने आला, दुसऱ्या बाजूने मी पाठीने. ऐन वेळी त्याने सवयीने ब्रेक मारला. ताईने नाही मारला. चेंडू दोघींच्या मध्ये चिरडला, त्याच्या नाकावरून वर चढला आणि काचेवर जाऊन बसला. त्याला समोर नुसती ताडपत्री दिसत होती. ताई थांबली नाही. पहिल्या गिअरवर आली आणि मी रेटायला लागले. पावाचे ट्रे ओढलेली गाडी होते मी, दमाची! चेंडू, त्याची गाडी आणि टायसकट तो, तिघांनाही मी रेटत रेटत गोलात नेऊन सोडलं.

पंचांची शिट्टी वाजली आणि मैदान उसळलं. पंक्चरवाला माझ्या छपरावर चढून नाचला. तोच, सकाळी हसून जमिनीवर बसलेला.

काका मात्र लोकांतून वाट काढत आले. ताई आत बसूनच होती, मान अवघडलेली. तिला त्यांचं एक वाक्य पाहिजे होतं. त्यांनी माझी पाठ चाचपली. साधा पोचाही नव्हता.

"उद्या सकाळी," काका म्हणाले, "माझी गाडी पालथी घाल. आणि स्टिअरिंग मागायला माझ्याकडे येऊ नकोस. आता कुणाला द्यायचं, ते तू ठरव."

ताई हसली आणि रडली, दोन्ही एकदमच.

पुढची वर्षं आमची होती. गावोगावचे संघ मुद्दाम ॲक्सल उलटे बसवायला लागले. पण माझ्यासारखी चौकोनी पाठ कुठून आणणार? ताई कप्तान झाली. तिच्या संघात मुली आल्या, भाजीवाली आली, शाळेतल्या बाई आल्या. मला हार पडले, माझ्यावर भाषणं झाली. भाषणं करणारे तेच होते, ज्यांनी मला पाव वाटायला घरी पाठवलं होतं. मी काही विसरत नाही.

मग खेळ ओसरला. नव्या गाड्या धक्का लागला की बोंबलणाऱ्या, त्यांना कोण मैदानात आणणार? मी गॅरेजमागे उभी राहिले. टायर बसले, सीटमध्ये उंदरांनी घर केलं. एकदा मैदान समितीचे लोक आले. म्हणे, हिला चौथऱ्यावर बसवू, इंजिन काढून आत सिमेंट भरू, म्हणजे कुणी चोरणार नाही.

"मढं करून हार घालणार होय?" ताई म्हणाली. "निघा."

आणि त्याच आठवड्यात तिने माझं तेल बदललं, उंदरांना बाहेर काढलं, टायरांत हवा भरली, बॅटरी लावली.

काका म्हातारे झालेत. काल दुपारी ते काठी टेकत माझ्यापाशी आले.

"पोरी," ते म्हणाले, "एकदा चालवू दे गं मला हिला. कधी मागितली नाही. लाज वाटायची."

"मान वळते का तुमची, काका?"

"कुठली वळतेय? लाकूड झालंय."

"मग मी मागे बसते. मी बघते, तुम्ही चालवा."

माझ्यातली मागची सीट कधीच काढलेली. ताई आत टाकलेल्या एका जुन्या टायरवर बसली, तोंड मागच्या काचेकडे. काका स्टिअरिंगवर, तोंड पुढे.

"डावीकडे घ्या!"

"कुणाच्या डावीकडे?"

"माझ्या! नाही, तुमच्या! अहो काका, पाण्याच्या टाकीकडे!"

"टाकी मला दिसत नाही!"

"मला दिसतेय ना! विश्वास ठेवा की जरा!"

काकांनी ठेवला, टाकीला वळसा घालून आम्ही मैदानावर आलो आणि त्यांनी तिसरा गिअर टाकला. मैदानाच्या मधोमध जुना चेंडू होता, पंक्चरवाल्याने नुकताच हवा भरून ठेवलेला. मी मागच्या मागे सुसाट सुटले. आत एक म्हातारा ओरडत होता आणि त्याची पुतणी त्याहून मोठ्याने. धप्प!

"गेला का? गोलात गेला का?" काका विचारत होते.

"गेला, काका! गेला!"

मित्रांनो, ज्याने तुमच्यासाठी ओझी वाहिली, त्याच्यावर कापड टाकून हात जोडू नका. हार नको, चौथरा नको. तेल बघा, हवा भरा, किल्ली लावा. आणि स्टिअरिंग मागणाऱ्याला तुझं काम वेगळं म्हणून हाकलू नका. त्याला किल्ली द्या, बाजूला व्हा आणि बघा, चेंडू कुठे जातो ते.