आधी गाभणीला

सिंधुबाईंच्या घरात एक रीत होती, आधी गाभणीला. मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे दिवस होते तेव्हा चारा पडला की पहिला गाभण मेंढीपुढं, बाकीच्यांनी मग आपापसात डोकी फोडावीत. पुढं मेंढरं विकली, पळसदेवला धरणाच्या पाण्यावर वांगी-दोडक्याचा मळा झाला, घरात टीव्ही आला, पण रीत राहिली. सून रोहिणी पोटुशी राहिली की पुरुषांच्याही आधी तिचं ताट. एरवी सिंधुबाईंचं तोंड म्हणजे बाभळीची काटेरी फांदी. पण या दिवसांत त्या रोज सकाळी विचारायच्या, "काय खावंसं वाटतंय गं?" डोहाळे अपुरे राहिले की पोराची लाळ गळते, एवढं शास्त्र त्यांना पाठ होतं.

या खेपेला रोहिणीनं पिझ्झा सांगितला आणि सिंधुबाई डोक्याला हात लावून बसल्या. वालचंदनगरला बहिणीच्या क्वार्टरमध्ये तिनं तो टीव्हीवर पाहिला होता. तेव्हापासून चिंच नको, आवळा नको, स्वप्नात पिझ्झा. थोरली निकिता, चार वर्षांची, तीही आईच्या सुरात सूर मिसळून तेच मागायला लागली.

"बारामतीला दवाखान्यात जायचंच हाय," नवरा, दादासाहेब, म्हणाला. "मागच्या गल्लीत नवं हॉटेल निघालंय. मशीनवर बघून झालं की जाऊ."

निकिताच्या वेळी कुणी पोट बघायच्या मशीनचं नाव काढलं नव्हतं. या वेळी मायलेक दोघंही हटून बसले होते, आणि का, ते रोहिणीला कळत होतं. पण पिझ्झ्याच्या नादात तिनं ते मनाआड केलं.

मशीनवर बघून झाल्यावर डॉक्टरांनी सिंधुबाई आणि दादासाहेबाला आत बोलावलं. रोहिणी बाकड्यावर पोट धरून बसून राहिली. बाहेर आले तेव्हा दादासाहेब चपलांकडं बघत होता.

"काय म्हनलं डॉक्टर?"

"बरं हाय सगळं," सिंधुबाई म्हणाल्या. "दुपारी परत बोलावलंय."

हॉटेल म्हणजे एका घराचाच पुढचा भाग होता. चार टेबलं, त्यावर प्लॅस्टिकची फुलं, आणि गल्ल्यावर मालकाची बायको. आजवर या घरानं हॉटेलात खाल्लं ते इंदापूरच्या स्टँडवर, तेही उभ्या उभ्या. निकितानं खुर्चीवर गुडघे टेकून सॉसची बाटली दोन्ही हातांनी धरली. सिंधुबाईंनी पदर सारखा केला आणि इथं भाकरी मिळत नसल्याची आधी खात्री करून घेतली.

पिझ्झा आला. जाड पाव, वर ढोबळी मिरची आणि पिवळं चीज. वास असा सुटला की रोहिणीच्या तोंडाला पाणी आलं. सिंधुबाईंनी पहिला तुकडा उचलला आणि रोहिणीनं नकळत ताटली पुढं केली.

तो तुकडा निकिताच्या ताटलीत गेला. दुसरा दादासाहेबाच्या. तिसरा सिंधुबाईंनी स्वतःकडं ओढला.

रोहिणीची ताटली तशीच पुढं राहिली.

"आत्या, मला?"

"तू नको. पोट रिकामं पायजे. सुई द्यायची हाय दुपारी," सिंधुबाई तुकड्याकडं बघत म्हणाल्या. "नंतर खा की. पळून जातंय व्हय?"

रोहिणीनं ताटली मागं घेतली. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं आणि आता सांगायची गरजही नव्हती. जिला आधी वाढायचं अशी गाभण या टेबलावर कुणी उरलीच नव्हती. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. तो निकिताचा तुकडा फुंकून गार करत होता. लेकीसाठी एवढी माया असलेला हा माणूस, आणि याच्याच तोंडून 'दुसरी मुलगी नको' निघालं असेल, या विचारानं तिला शिसारी आली.

तिनं हात लांब केला आणि सासूच्या ताटलीतला तुकडा उचलला.

सिंधुबाईंनी तिचं मनगट धरलं. आयुष्यभर मेंढरं आवळून धरलेला तो हात. रोहिणीनं मान खाली घातली आणि हातातला तुकडा तोंडानं तोडला. चटका बसला, डोळ्यांत पाणी आलं, तरी चावत राहिली. मनगट सुटलं तसा तिनं आणखी एक उचलला. चव काय होती, ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

"रोहिणे, डॉक्टर सुई देणार न्हाईत अशानं," दादासाहेब हळू आवाजात म्हणाला.

"म्हनूनच खातेय," ती म्हणाली.

गल्ल्यावरची बाई बघायला लागली, तेव्हा तो उठला. तिथल्याच फोनवरून दवाखान्यात बोलला. रोहिणी त्याच्या पाठीकडं बघत होती. तोंडात घास तसाच होता. तो 'बरं, ऱ्हाऊ द्या' म्हणेल, घरी चला म्हणेल, असं तिला अजून वाटत होतं.

तो परत येऊन बसला.

"आज न्हाय जमत म्हनत्यात. उद्या सकाळी या म्हनलं."

सिंधुबाईंनी मान डोलावली. "मग आज हितंच चंद्राबाईकडं मुक्काम करू," त्या म्हणाल्या. मावसबहीण होती त्यांची. मग त्यांनी उरलेला पिझ्झा ताटासकट रोहिणीपुढं सरकवला.

"खा आता. उद्या सकाळी उपाशीच ऱ्हायचंय."

आवाजात राग नव्हता. घरी रोज सकाळी 'काय खावंसं वाटतंय' विचारायच्या, तोच आवाज होता. रोहिणीचा हात ताटाकडं गेला आणि तिथंच थांबला.

निकितानं सॉसनं माखलेला हात आईच्या पोटावर ठेवला.

"आई, बाळाला आवडला?"

रोहिणीनं लेकीचा हात पुसला, पोटावरचा डाग मात्र तसाच ठेवला.

"व्हय," ती म्हणाली. "लय आवडला."