सारजाबाईंची साक्ष

सारजाबाईंनी मला वाचवले, हे आधी लिहिते. काय झाले ते मागाहून. अमरावतीच्या वेशीबाहेर त्यांचा भाजीचा मळा होता, आणि आजही डोळे मिटले की प्रथम ऐकू येते ती तिथल्या पाण्याची बारीक, संथ धार: विहिरीचे पाणी दुहेरी फडक्यातून गाळून, फडक्यावर उरलेले अदृश्य जीव त्या पुन्हा विहिरीत सोडत. महानुभाव पंथाच्या त्या. मुंग्यांची रांग आडवी आली तर डोक्यावरच्या टोपलीसकट थांबत. वाणी मात्र कपाशीच्या वाळल्या बोंडासारखी, आत मऊ असून हाताला टोचणारी.

मी पुण्याकडची. मुलींच्या शाळेत जोडाक्षरांपर्यंत पोहोचले तोच लग्न होऊन वऱ्हाडात आले. "काहून रडून राहिली वं?" हे त्यांचे विचारणे मला पहिल्यांदा दरडावणे वाटले होते; ती माया होती हे कळायला फार दिवस लागले.

ते दिवस कापसाचे. दूरदेशीच्या लढाईमुळे विलायतेला इथला कापूस हवा होता. रस्ते गाड्यांनी भरलेले, आणि हवेत तरंगणाऱ्या तंतूंमुळे दुपारचे ऊनही धुक्यासारखे पांढुरके दिसे. त्या शुभ्र भरभराटीतच पटकीने माझ्या पतीला नेले. धाकट्या दिरांनी, भाऊजींनी, घराची सूत्रे हाती घेतली; पुढे माझ्या खोलीची कडीही. मला दिवस गेले, तेव्हा काढ्याचा गडवाही त्यांनीच आणला. "वहिनी, घराण्याची अब्रू तुमच्या हाती. मी आहे ना पाठीशी," असे इतक्या हळुवारपणे म्हणाले, की त्या शब्दांना धरूनच मी तो कडू घोट घेतला.

रक्त थांबेना, ताप उतरेना, तेव्हा मागल्या दाराशी रोज भाजी घेऊन येणाऱ्या सारजाबाईंनी मला आपल्या गाडीत घातले. मळ्यात मी जरा उठून बसू लागले, तोच भाऊजी जमादाराला घेऊन आले. गावात कुजबुज सुरू झाली होती. ती आपल्या दारी येण्याआधी त्यांनी स्वतःच फिर्याद केली होती की वहिनीने परस्पर गर्भ पाडला. वांग्यांच्या वाफ्यात उभे राहून ते बोलत होते, आणि आवाज तोच होता, हळुवार. तुरुंगाहून मला त्या आवाजाची धास्ती अधिक वाटली.

"नवा कायदा हाय बाई," जमादार म्हणाला. "पोरगी आमच्या ताब्यात द्या."

सारजाबाईंनी खुरपे खाली ठेवले. "पाप झालं, हे मी तिच्या तोंडावर सांगतो. जीव गेला. पन तुमचा कायदा एकटीलेच धरते का? काढा देनाऱ्याले नाई?"

"देनाराबी गुन्हेगार."

"मंग लिवा. गडवा या मालकाच्या हातात व्हता. मी त्या दिवशी मागल्या दाराशी मेथी घेऊन उभी व्हती. आन मी खोटं बोलत नाई, हे गावाले ठाव हाय."

भाऊजींच्या चेहऱ्यावरचे ऊन सरकले. म्हणाले, आपला गैरसमज झाला, वहिनींचा पाय घसरला होता.

"मालक, पाय कोनाचा घसरला ते एकदा घरी बसून ठरवा," जमादार मिशीत हसला, आणि दोघेही निघून गेले.

मला वाटले, आता त्या मला जवळ घेतील. त्यांनी ज्वारीच्या कण्यांचे पातेले पुढे सरकवले. "खाय. तुह्यासाठी नाई बोलली मी, खरं व्हतं म्हनून बोलली. पाप त पापच." मी म्हणाले, "सारजाबाई, त्या खोलीला आतून कडी नव्हती." त्यांना माझे पटले नाही, मला त्यांचे. पण उन्हे कलेपर्यंत आम्ही दोघी एकाच पातेल्यातून जेवत होतो.

अकोल्यात कापसातली सरकी काढणाऱ्या बायकांमध्ये त्यांनीच मला कामाला लावून दिले. निरोप देताना म्हणाल्या, "कवातरी रिद्धपूरले, आमच्या पंथाच्या तीर्थाले, चाल माह्यासंगं. मन हलकं होईल." अजून गेले नाही. अजूनही कुणी मऊ बोलले की माझी नजर आधी दाराच्या कडीकडे जाते.

सारजाबाई, तुम्हाला हवा तो पश्चात्ताप माझ्यात उगवलेला नाही. कदाचित उगवणारही नाही. पण जे जन्मलेच नाही त्याचे नसणे स्मृतीत ऋतूगणिक मोठे होत जाते, वाढत्या मुलासारखे, आणि हे तुमच्याखेरीज सांगावे असे मला कुणी नाही. एक दिवस येईन. तुमच्याशी भांडत भांडत रिद्धपूरपर्यंत चालेन, आणि त्या वाटेवर तुमचे ऋण फेडीन.