रिकाम्या तळव्याची पूजा

दानम्मानं ताट पुन्हा पुढं सरकवलं. कडक भाकरी, शेंगाचटणी, वाटीत दही. अक्कानं ताटाकडं बघितलंसुद्धा नाही. आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून ती भिंतीला टेकून बसली होती.

"खा की अक्का. तुमच्या भावानं बघितलं तर..."

पुढचं तिच्या तोंडून निघेना. तिचा नवरा सोमलिंग टांगा आणायला गेला होता. बहिणीला दुपारच्या गाडीनं परत पुण्याच्या वेड्यांच्या दवाखान्यात पोचवायचं, हे त्यानं ठरवूनच टाकलं होतं. बरी झाली म्हणून डॉक्टरांनी काल घरी पाठवलेली बाई, आणि आल्यापासून पाण्याचा घोट नाही!

दारातून शेजारची निंगव्वा डोकावली. सकाळपासून तिच्या घरचं मीठ संपलं होतं, विरजण संपलं होतं, काय काय संपलं होतं.

"न्हाय खाल्लं न्हवं? वेड कुटं जातंय बाई, दडून बसतंय."

"तुमी जावा की घरला!"

गेली मेली, आता गल्लीभर बोभाटा. दानम्मा उठली, रस्ता बघून आली, बसली, परत उठली. अक्का नीट बोलते, हसते, पोरांची विचारपूस करते. मग जेवणाशीच काय वैर?

"अक्का, दवाखान्यात जेवत होता न्हवं?"

"व्हय की, रोज."

"मग हितं काय झालं?"

अक्कानं गळ्यावरचा पदर सारला. गळा मोकळा होता.

"काल आल्या आल्या सोमूकडं माझं गळ्यातलं इष्टलिंग मागितलं. त्यो म्हणाला, तूच वेडात कुटंतरी टाकलंस. सगळ्या पेट्या हुडकल्या मी. पूजेबिगर पाणी कसं पिऊ?"

"मग तितं?"

"लिंग तळहातावर घिऊन पुजायचं असतंय. तितं न्हवतं, म्हणून रिकाम्या तळव्याची पूजा करायची. लिंग घरात असताना तसं कसं करू?"

दानम्माला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पूजेआधी ती स्वतः कधी पाण्याला शिवली नव्हती, आणि हिला मात्र सगळ्यांनी खुळी ठरवलं! लिंग कुठं गेलं ते तिला ठाऊक होतं. दुष्काळाच्या साली अक्काला दवाखान्यात सोडून येताना सोमलिंगनं ते तिच्या गळ्यातून काढून आणलं आणि सिद्धेश्वराच्या तळ्यात सोडलं. 'ती आपल्याला मेलीच,' म्हणाला होता.

"अक्का, तुमी न्हाय टाकलं. ह्यांनी तळ्यात सोडलं."

अक्काचा हात मोकळ्या गळ्याकडं गेला.

"जित्या माणसाच्या गळ्यातलं लिंग काढत न्हाईत. म्हंजे, मला पुरून मोकळं झाला की तुमी."

बाहेर टांगा थांबला. सोमलिंग आत आला, ताट बघून त्यानं कपाळावर हात मारला.

"म्हटलं न्हवतं? ऊठ अक्का, गाडी चुकंल."

दानम्मानं आपल्या गळ्यातली इष्टलिंगाची चांदीची डबी सोडली आणि नवऱ्यापुढं धरली.

"अवो, हे बी तळ्यात सोडा. मग दोघींना घाला टांग्यात."

सोमलिंगचा हात पुढं आला नाही. बायकोच्या मोकळ्या गळ्याकडं त्याला बघवेना. त्यानं बहिणीकडं बघितलं आणि मान खाली घातली.

"बांध ते," तो कसाबसा म्हणाला. मग दारात जाऊन त्यानं टांगेवाल्याला सांगितलं, "ठेसनावर न्हाय. मठात जायाचंय. अक्काला नवं लिंग बांधून घ्यायचंय."

निंगव्वा आपल्या दारात उभीच होती.

"अगं बया, दवाखान्यात न्हेत न्हाईत व्हय?"

अक्का टांग्यात चढत होती. तिनं पदर सारखा केला.

"न्हाय," ती म्हणाली. "जिती हाय न्हवं मी."